दहा इंचांच्या फटीपर्यंत ताकद पोचत नाही

कोल्हापुरातल्या एका तरुण ट्रेकरने विचारलेला प्रश्न असा: "काका, अमेरिकेतल्या नट्टी पट्टी गुहेत २००९ साली एक जण उलटा अडकून गेला. शंभरावर माणसं मदतीला होती, दोर होते, पुली होत्या. तरी त्याला ओढून काढता आलं नाही, हे पटत नाही. आपल्या तालमीतली दहा पोरं लावली असती तर निघाला नसता का? वरून खडक का फोडला नाही? आणि गेल्यावर तिथंच का ठेवला? आम्ही दिवाळीनंतर मसाई पठाराच्या कडेला एका भुयारात उतरायचं म्हणतोय, म्हणून विचारतो."

तुझ्या भुयाराकडे शेवटी येतो. आधी त्या मुलाबद्दल सांगतो, कारण त्याच्या बाबतीत काय झालं हे नीट समजलं तर अर्धी उत्तरं आपोआप मिळतील.

युटा राज्यातली ही चुनखडीची गुहा. आत सगळीकडे तपकिरी, चिकट माती, त्यावरूनच तिला ते नाव पडलं. तिथं कॉलेजची पोरं, स्काउटची पथकं, कुटुंबंच्या कुटुंबं जायची. अवघड म्हणून तिची ख्याती नव्हती, आणि घात तिथंच झाला. २००४ साली दोन स्काउट मुलं थोड्या दिवसांच्या अंतराने तिच्यातच अडकली होती आणि मोठ्या कष्टाने निघाली होती. पुढे गुहा काही काळ बंद ठेवली आणि २००९ मध्ये पुन्हा उघडली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरच्या रात्री २६ वर्षांचा एक वैद्यकीय विद्यार्थी भाऊ आणि मित्रांबरोबर आत गेला. सहा फूट उंच, अंगापिंडाने भरलेला. आत एक ओळखीची अरुंद वाट होती, ती शोधताना तो भलत्याच बोळात शिरला. डोकं पुढे, पाय मागे. पुढे बोळ रुंद होईल आणि वळता येईल अशी आशा. बोळ रुंद झाला नाही, उलट खाली कलला. शेवटी तो साधारण दहा बाय अठरा इंचांच्या फटीत, जवळजवळ उभ्या उतारावर डोकं खाली करून रुतला. गुहेच्या तोंडापासून सुमारे ४०० फूट आत. मदतीला पोचणाऱ्याला दिसायची ती त्याची फक्त पावलं.

आता तुझी तालीम. ती दहा पोरं उभी कुठे करशील? त्या बोळात त्याच्या पायांपर्यंत एका वेळी एकच माणूस पोचत होता, तोही सडपातळ. सगळ्यात आधी पोचली ती लहान चणीची एक स्वयंसेविका. बाहेर सव्वाशेहून जास्त माणसं राबत होती, पण ती दोर आणायला, सामान पुढे सरकवायला, थकलेल्याच्या जागी दुसरा पाठवायला. त्याच्या घोट्यांना हात लागायचा तो एकाचाच. आणि तो एकजण स्वतःसुद्धा पोटावर आडवा, कोपर टेकवायला जागा नाही. अशा अवस्थेत पैलवानसुद्धा आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरू शकतो, कारण ताकद पायांतून आणि कमरेतून येते आणि त्या दोन्हींना तिथं टेकू नसतो.

म्हणून दोर आणि पुली. कागदावर हे सोपं आहे: तीनास एकची पुली लावली की एक किलो ओढलं तर तीन किलो उचललं जातं. प्रत्यक्षात दोर जिथं खडकाच्या कोपऱ्यावरून वळतो, तिथं तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत बळ घासण्यातच जातं. अशी दोन-तीन वळणं आली की पुलीने कमावलेलं सगळं खडक खाऊन टाकतो. म्हणून प्रत्येक वळणाला वेगळी पुली बसवावी लागते, आणि प्रत्येक पुलीला खडकात वेगळा अँकर, म्हणजे ती अडकवायला पक्का आधार, लागतो. खरी गोम या अँकरमध्ये आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात बोल्ट नीट मारला की तो माणसाचं वजन निमूट पेलतो, म्हणून आपल्या आरोहकांना अँकरवर विश्वास ठेवायची सवय लागलेली असते. तिथला खडक तसा नव्हता. बऱ्याच तासांच्या मेहनतीने त्यांनी पुलींची साखळी उभी केली, त्याला थोडा वर घेतलाही. पाणी, अन्न देता आलं. त्याच्या बायकोशी रेडिओवर बोलणं करून दिलं. आणि मग ज्या दगडी कमानीला दोर गुंतवला होता तीच फुटली. लोखंडी सामान उडून पुढच्या मदतनीसाच्या तोंडावर बसलं, दोर सैल पडला आणि तो मुलगा पुन्हा खाली सरकला.

आणखी एक अडचण होती, ती दोरांच्या गणितात दिसत नाही. त्याला सरळ मागे ओढायचं तर बोळाच्या वळणावर त्याची पावलं वरच्या छताला अडत होती. तिथून सुटायला गुडघे आणि कंबर मागच्या बाजूने दुमडली असती तरच जमलं असतं, आणि माणूस त्या बाजूला दुमडत नाही. इथं दहा पैलवानांची ताकद दोरावर आली असती तरी ती खडकावर न लागता त्याच्या सांध्यांवर लागली असती. पाय मोडून काढायचा विचार का केला नाही, असं अनेक जण विचारतात. वीस तास उलटा लटकलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या दोन्ही पायांची हाडं मोडली तर त्या धक्क्यातून त्याचं हृदय सावरेल अशी आशा कोणता डॉक्टर देईल?

आता शरीराकडे बघू, कारण या सगळ्यात घड्याळ लावणारं तेच होतं. आपलं शरीर उभं राहण्यासाठी घडलं आहे. पायांच्या शिरांमध्ये झडपा आहेत, रक्त खाली साचू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या स्वतः आवळतात. डोक्याच्या बाजूला अशी सोय नाही. उलटं झालं की रक्त डोक्यात आणि छातीत जमत राहतं, हृदयाला ते वर कमरेकडे आणि पायांकडे ढकलावं लागतं, आणि हे काम त्याने कधी केलेलं नसतं. पोटातलं सगळं वजन खाली घसरून श्वासपटलावर बसतं. वरून दगडाने छाती आवळलेली. श्वास सोडला की छाती थोडी बारीक होते आणि माणूस आणखी बोटभर खाली जातो, मग पुढचा श्वास आधीपेक्षा लहान. कुस्तीत खाली दबलेल्या गड्याची दमछाक तू पाहिली आहेस, तो ताकद संपून हरत नाही, छाती फुगवता येत नाही म्हणून हरतो. हे तासन् तास चाललं की फुप्फुसात आणि मेंदूत पाणी साचू लागतं, बोलणं विस्कळीत होतं, शुद्ध हरपते. २५ नोव्हेंबरच्या रात्री, बाराच्या थोडं आधी तो गेला. हृदय बंद पडून. अडकल्याला सत्तावीस तास झाले होते.

हे सगळं लिहिताना मला एकच मुद्दा ठासून सांगायचा आहे: त्याला वाचवायला गेलेली माणसं कमी पडली नाहीत. अरुंद जागेत किती माणसं आली आणि किती जोर लागला याने निकाल ठरत नाही. माणूस कोणत्या अवस्थेत अडकला आणि त्या अवस्थेत त्याचं शरीर किती तास टिकेल, यानेच तो ठरतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत हजार मीटर खोलीवर एका अनुभवी शोधकाच्या डोक्यावर दगड पडला. कवटीला इजा, खोली एवढी, तरीही सातशेहून जास्त लोकांनी अकरा-बारा दिवस राबून त्याला जिवंत वर आणलं. कारण तो आडवा झोपू शकत होता, डॉक्टर त्याच्याजवळ बसू शकत होता आणि वाट स्ट्रेचर जाण्याएवढी होती. तिथं माणसांची संख्या कामी आली. नट्टी पट्टीत खोली शंभर-सव्वाशे फूट होती आणि संख्येला शिरायला जागाच नव्हती.

वरून खडक फोडण्याबद्दल. तुझ्या डोक्यात सिलक्यारा असणार, ते साहजिक आहे. २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या त्या बोगद्यातून ४१ कामगार सतराव्या दिवशी सुखरूप निघाले. पण ते कामगार दोन किलोमीटर लांबीच्या बांधलेल्या बोगद्यात चालत-फिरत होते. पाइपातून जेवण, औषध, हवा पोचत होती. मुक्काम लांबला तरी जीव धोक्यात येत नव्हता, म्हणून ऑगर मशीन मोडलं तरी शेवटचे दहा-बारा मीटर हाताने खणायला वेळ मिळाला. २००६ मध्ये हरियाणातल्या बोअरवेलमध्ये पडलेला पाच वर्षांचा मुलगा शेजारी खड्डा खणून पन्नासेक तासांनी वाचला, तोही डोकं वर असलेला होता आणि त्याला वरून खायला देता येत होतं. उलट्या माणसाकडे हे घड्याळ नसतं. आणि सुरुंग किंवा ड्रिल लावायचं तर खालच्या माणसाच्या छातीवर तोच खडक टेकलेला आहे, त्याच्यातून प्रत्येक हादरा जाणार.

खणण्याचा मार्ग घेतला तर काय होऊ शकतं याचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. ३० जानेवारी १९२५ला केंटकीत सँड केव्ह नावाच्या गुहेत फ्लॉइड कॉलिन्स हा नावाजलेला गुहाशोधक एकटा असताना अडकला. एक दगड त्याच्या डाव्या पायावर निसटला. फक्त जमिनीखाली ५५ फूट. सुरुवातीला लोक त्याच्यापर्यंत पोचत होते, खायला देत होते, उबेसाठी विजेचा दिवा सोडला होता. हार्नेस घालून दोराने ओढून पाहिलं, तो वेदनेने ओरडला आणि ओढणं थांबवावं लागलं. स्किट्स मिलर नावाचा एक वार्ताहर अंगाने बारीक असल्यामुळे पुन्हा पुन्हा आत गेला, जॅक लावून दगड उचलायचाही प्रयत्न केला, पण जॅक नीट बसायला जागा मिळेना, तो निसटत राहिला. त्याच्या बातम्यांना पुढे पुलित्झर मिळालं. ४ फेब्रुवारीला मधली वाट ढासळली आणि हातापर्यंत आलेला माणूस हाताबाहेर गेला. मग शेजारून उभा खड्डा खणला, तोही बहुतेक हातानेच, कारण यंत्राच्या हादऱ्याने सगळंच खाली येईल ही भीती. १६ फेब्रुवारीला पोचले तेव्हा तो गेलेला होता, दोन-तीन दिवसांपूर्वीच. वर मात्र हजारोंची जत्रा भरली होती, खाण्याचे ठेले लागले होते. नंतर निघालेला तो पायावरचा दगड बारा किलोच्या आसपास भरला. बारा किलो! तुझ्या गटातला कुणीही तो एका हाताने बाजूला करेल. हात पोचला असता तर.

आता हवा. भुयारात जाणाऱ्या पोरांना मी सगळ्यात जास्त याचीच भीती घालतो. १९५९ मध्ये इंग्लंडात डर्बीशरच्या पीक कॅव्हर्नमध्ये नील मॉस नावाचा ऑक्सफर्डचा वीस वर्षांचा विद्यार्थी एका उभ्या अरुंद भेगेत शिडीने उतरला. वर येताना अडकला. जागा इतकी तंग की गुडघा वाकवता येईना, म्हणजे शिडीची एक पायरीही चढता येईना. सोडलेला बारीक दोर ओढताना तुटला, पुन्हा पुन्हा तुटला. त्या काळात त्याने सोडलेला श्वास त्याच्याभोवतीच साचत गेला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो भेगेतून वर निघत नाही. थोड्या वेळात तो बेशुद्ध झाला, म्हणजे आता जाड दोर सोडला तरी तो स्वतःला बांधून घेऊ शकत नव्हता. उतरलेले मदतनीसही त्याच हवेत गुदमरू लागले. दोन दिवसांनी सगळं संपलं.

हे इंग्लंडातलं वाटत असेल तर सांगलीजवळच्या हरिपूरला जुन्या माणसांशी बोल. तिथल्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, काम केलेले लोक सांगतील की पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचं. आपल्याकडे गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरलेला एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि गावातून एका वेळी तीन तिरड्या निघतात. दरवर्षी कुठे ना कुठे हे घडतं. आणि कंदिलावरही पूर्ण भरवसा ठेवू नकोस. ज्योत विझते ती ऑक्सिजन कमी झाला म्हणून. ऑक्सिजन बऱ्यापैकी असतानाही कार्बन डायऑक्साइड माणसाला भोवळ आणण्याएवढा असू शकतो. तेव्हा डोकं जड होणं, विनाकारण धाप लागणं, ही खूण कंदिलापेक्षा आधी येते. ती आली की बोलत न बसता मागे फिरायचं.

मृतदेह तिथंच का ठेवला, हा तुझा प्रश्न मला समजतो. आपल्याकडे माणसाला अग्नी मिळाला नाही तर घरच्यांचा जीव वर्षानुवर्षं लागून राहतो. पण जिवंत असताना ज्या बोळातून तो निघाला नाही, तिथून निर्जीव देह काढायचा तर आणखी कुणाला तरी डोकं खाली करून त्याच फटीत घालावं लागलं असतं. नट्टी पट्टीत घरच्यांच्या आणि जागेच्या मालकांच्या संमतीने तो भाग स्फोटाने बंद केला आणि गुहेचं तोंड काँक्रीटने भरलं. नील मॉसच्या वडिलांनी स्वतः सांगितलं की माझ्या मुलाच्या देहासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका. एवढं बोलण्यासाठी त्या बापाने काय सोसलं असेल. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि माझ्या गटातल्या पोरांनाही मी तेच सांगून ठेवलं आहे. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक वाचले, तिथं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या कंपनीची माणसंही राबली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच मोहिमेत समान कुनान हा माजी नौसैनिक हवेच्या टाक्या ठेवून परतताना गेला, आणि तिथं संसर्ग झालेला दुसरा एक जवान पुढच्या वर्षी गेला. मुलं जिवंत होती म्हणून ती किंमत मोजावी लागली. मेलेल्यासाठी ती मोजायची नसते.

आता मसाई पठार. तुम्ही ज्याला भुयार म्हणताय ते मी पाहिलेलं नाही, पण त्या बाजूची जमीन पाहिली आहे. पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंतच्या सड्यांवर वर जांभा आणि खाली काळा पाषाण, दोघांच्या मध्ये मऊ मातीचा थर. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपून या मातीवर अडतं आणि वर्षानुवर्षं तिला धुऊन नेतं. माती गेली की जांभ्याखाली पोकळी राहते. म्हणजे तुझ्या भुयाराचं छत नुसत्या जांभ्याचं आणि जमीन चिखलाची असण्याची शक्यता दाट. जांभ्यात बोल्ट किंवा पिटॉन (दोर अडकवायचा खिळा) मारला तर तो भुसभुशीत होऊन निघतो. नट्टी पट्टीतली कमान फुटली, ती निदान चुनखडीची होती. जांभ्यावर मी कधीच कुणाचा जीव टांगणार नाही. बाहेर झाड असेल तर झाडाला, नाहीतर काळ्या पाषाणाच्या घट्ट धोंड्याला दोर बांधायचा. आणि दिवाळीनंतर लगेच नको. तेव्हा वरचा सडा अजून पाणी सोडत असतो, छतातले ढेकूळ ओलसर असतात. फेब्रुवारी-मार्च बरा.

वटवाघळं असतील तर हवा कोंदट असणार. साळिंदराचे ताजे काटे किंवा मोठ्या जनावराच्या पायाच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत या, राधानगरीच्या बाजूला अस्वलंही आहेत. "हे भुयार पार गडापर्यंत जातं" असं गावात कुणीतरी सांगणारच, प्रत्येक गडाच्या पायथ्याला सांगतात. त्या एका वाक्याने पोरं "अजून थोडं पुढे" म्हणत राहतात.

उतारावर डोकं पुढे घालून कधीही शिरायचं नाही. पाय आधी. पाय अडकले तर हातांनी स्वतःला वर ओढता येतं, डोकं खाली गेलं तर काहीच करता येत नाही. श्वास सोडून छाती बारीक केल्याशिवाय जिथून जाता येत नाही, तिथून जायचं नाही. एका वेळी एकच जण, कमरेला दोर, आणि तोंडाशी बसलेल्याने आत यायचं नाही, काहीही झालं तरी. पुढचा वळायची जागा नसलेल्या ठिकाणी पोचला की तिथूनच मागे. पुढे जागा मिळेल या आशेवर जाणं म्हणजे २००९ची ती रात्र.

आणि अडकलाच कुणी, तर पहिल्या घाईत त्याला ओढू नका. घाबरून केलेली ओढाओढ कपडा, पट्टा, कोपर असं काहीतरी आणखी घट्ट गुंतवते. त्याला बोलतं ठेवा, श्वास हळू घ्यायला सांगा, डोकं खाली असेल तर पायाला दोर लावून निदान आणखी घसरणार नाही एवढं बघा. दुसरा आत शिरवू नका. एकाने बाहेर पळायचं, जिथं मोबाइलला रेंज असेल तिथून ११२ला फोन करायचा, आणि आधीच कागदावर लिहून न्यायचं: कुठे, किती आत, डोकं वर की खाली, किती वाजल्यापासून, बोलतोय का. जिल्हा आपत्ती कक्षाला आणि कोल्हापुरातल्या व्हाईट आर्मी या बचाव पथकाच्या कार्यकर्त्यांना "गुहेत अडकलाय" एवढंच सांगितलंत तर ते पुराच्या तयारीने निघतील. "डोकं खाली आहे" हे तीन शब्द सांगितलेत तर सामानही वेगळं निघेल आणि डॉक्टरही सोबत येईल. एनडीआरएफची तुकडी पुण्याहून यायला काही तास जातात, तेही धरून चाला. सुटका झाल्यावर लगेच उभं करू नका. तासन् तास दबलेल्या पायातलं साचलेलं विष एकदम हृदयाकडे जातं, म्हणून आधी आडवा ठेवून सलाईन लावतात, मग हलवतात.

जागा कुठली ते मला कळव. गावच्या पोलीस पाटलांना सांगून आधी एकदा नुसतं तोंडापाशी जाऊन बघू, टॉर्च टाकून, आत न शिरता. तेवढ्यावरूनच बरंच कळतं.